थंडीत काय विकत आणू? आधी काहीच नको

प्रश्न असा आहे: ‘थंडी पडली की संध्याकाळी घरात बसून हाताने काहीतरी करावंसं वाटतं. खायचं आणि हातकामाचं, दोन्ही सांगा, पण खर्च कमी हवा. शिवण जेमतेम येतं: धावदोरा, काजटाका, बटण लावणं, बस्स. घरात एक लोकरीचा स्वेटर आहे, चुकून गरम पाण्यात धुतला गेला आणि लहान मुलाच्या मापाचा झाला. शिवाय जुनी जीन्स आणि मेणबत्त्यांची थोटकं पडून आहेत. टाचाही फुटल्यात. कुठून सुरुवात करू? सामानाची यादी द्याल का?’

यादी देत नाही. बावीस वर्षं मी असे वर्ग घेतेय. पहिल्याच दिवशी जे पिशवी भरून नवं कोरं सामान घेऊन येतात, त्यांचं सामान थंडी सरेपर्यंत कोरंच राहतं, हा माझा अनुभव. तुमच्याकडे जे पडून आहे त्यात निम्मा हिवाळा निघेल. स्वेटर टाकू नका, त्याच्यावर मी सगळ्यात शेवटी येणार आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप सुचत जाईल. थंडीतली काटकसर ही मुळात उष्णतेची काटकसर असते. एकदा गॅस किंवा वीज जाळून तयार केलेली ऊब किती वेळ धरून ठेवता येते, आणि तीच पुन्हा कशाला वापरता येते, एवढंच बघायचं. ऊब धरून ठेवते ती स्थिर हवा. लोकर, कापूस, गवत, चुरगळलेला कागद या सगळ्यांचं काम एकच, हवेला हलू न देणं. कापड ओलं झालं की ही हवेची जागा पाणी घेतं. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून ओला मोजा पायात असण्यापेक्षा नसलेला बरा.

आता याच तत्त्वावर स्वयंपाक. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त अविश्वासाने ऐकली जाणारी गोष्ट म्हणजे गवताची पेटी. पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं की आच कितीही मोठी करा, पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. त्यापुढचा गॅस फक्त पातेल्यातून निसटणारी उष्णता भरून काढायला आणि वाफ करायला जातो. मग निसटूच दिली नाही तर? पातेलं उकळतं असतानाच जाड वेष्टनात बंद केलं, तर आतला पदार्थ स्वतःच्या उष्णतेवर शिजत राहतो. कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या १८६७च्या प्रदर्शनात अशी नॉर्वेची पेटी मांडली होती, आणि दुसऱ्या महायुद्धात इंधन वाचवायला ब्रिटनमध्ये घरोघरी तिचा प्रचार झाला.

करायला दहा मिनिटं पुरतात. पातेल्याच्या सगळ्या बाजूंनी आठ-दहा सेंटिमीटर जागा उरेल असं एक मोठं खोकं घ्या. तळाशी चुरगळलेली वर्तमानपत्रं किंवा सुकं गवत दाबून भरा, मधोमध पातेल्याचा खळगा करा, बाजू भरा. वर ठेवायला एक जाड उशी लागते. जुन्या उशीच्या अभ्र्यात फाटके कपडे कोंबलेत तरी चालतं. थर्माकोलचं खोकं वापरणार असाल तर पातेलं आधी टॉवेलात गुंडाळा, कारण थर्माकोल १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं.

पातेलं निदान दोन लिटरचं हवं आणि पाऊण भरलेलं हवं. इथेच बहुतेकांचं फसतं, माझंही फसलं होतं. पहिल्या वेळी मी एकटीपुरती वाटीभर डाळ इवल्याशा भांड्यात ठेवली. तीन तासांनी उघडली तर डाळ कोमट, कच्ची आणि आंबूस. पदार्थ थोडा असला की त्याच्या मानाने भांड्याचा पृष्ठभाग फार असतो आणि ऊब भराभर जाते. त्यामुळे थोडक्या स्वयंपाकासाठी हा खटाटोप करूच नये.

डाळ दहा मिनिटं खळखळ उकळायची आणि पेटीत दोन तास ठेवायची. तांदूळ तीन मिनिटं उकळून तास-पाऊण तास. बटाट्याच्या मोठ्या फोडी पाच मिनिटं उकळून दीड तास. पाणी नेहमीपेक्षा पाव हिस्सा कमी घाला, कारण वाफ कुठे जातच नाही. झाकण घट्ट बसलं पाहिजे, आणि मध्ये उघडून बघायचं नाही! एकदा उघडलं की पुन्हा गॅसवर ठेवून उकळी आणणं आलं. रात्रभर ठेवून सकाळी खाऊ म्हणाल तर नको. अन्न ६० अंशांच्या खाली जाऊन तासन् तास कोमट राहिलं की त्यात जंतू वाढतात. चार तासांच्या आत बाहेर काढा आणि वाढण्याआधी एक चांगली उकळी द्या.

राजमा मात्र वेगळा. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. ते मंद आचेवर, ८० अंशांच्या आसपास, नष्ट होत नाही, उलट अर्धवट शिजलेला राजमा जास्त त्रास देऊ शकतो. तो रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळ उकळा आणि मगच पेटीत घाला. एवढं लक्षात राहणार नसेल तर राजमा कुकरलाच लावा.

पेटीत घालायला सगळ्यात सोपं म्हणजे सूप, आणि त्यासाठी भाजीही मुद्दाम आणावी लागत नाही. फ्रीझरमध्ये एक पिशवी ठेवा. गाजराची टोकं, कोथिंबिरीच्या काड्या, मशरूमचे देठ, टोमॅटोच्या कडा, कांद्याची वरची पापुद्रं त्यात टाकत जा, अर्थात आधी धुऊन. कोबी, फ्लॉवर, मुळा यांचे तुकडे नकोत, त्यांचा उग्र वास सगळ्या पाण्याला लागतो. हिरवट पडलेल्या बटाट्याच्या साली तर मुळीच नकोत, त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य असतं. लिटरभर तुकडे जमले की दीड लिटर पाण्यात पाऊण तास मंद उकळा आणि गाळा. पाऊण तासाच्या पुढे नेऊ नका. हाडांचं पाणी जितकं उकळाल तितकं चांगलं लागतं, भाज्यांचं कडवट होत जातं. मीठ आत्ता घालू नका, नंतर पाणी आटलं की खारट होईल.

मग दोन कांदे बारीक चिरून चमचाभर तेलात परता. मंद आचेवर दहा मिनिटं, पूर्ण, घड्याळ लावून. लोक तीन मिनिटांत कंटाळतात आणि मग सूप पाणचट झालं म्हणतात. त्यात अर्धा किलो गाजर किंवा भोपळा, एक बटाटा आणि ते गाळलेलं पाणी. पातेलं पाऊण भरेल इतकं घ्या, पाच मिनिटं उकळा, दीड तास पेटीत ठेवा. बाहेर काढून घोटा आणि पुन्हा उकळी आणा. बटाट्यामुळे सूप दाट होतं, मलईची गरज पडत नाही. चव घेतल्यावर काहीतरी कमी वाटलं तर हात मिठाकडे जातो. आधी लिंबाचे चार थेंब पिळून बघा, बहुतेक वेळा आंबटच कमी असतं.

शिळ्या पावाचे चौकोनी तुकडे चमचाभर तेलात घोळवून तव्यावर अगदी मंद आचेवर पंधरा मिनिटं ठेवले की सुपात घालायला कुरकुरीत होतात. पावावर बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी अख्खा पाव टाकायचा. तेवढा भाग कापून उरलेला वापरणं ही खोटी काटकसर आहे. पाव मऊ असतो, त्यात बुरशीचे तंतू दिसण्याआधीच आतवर गेलेले असतात.

गरम प्यायला आल्याचा पाक करून ठेवा. १५० ग्रॅम आलं पातळ कापून अर्ध्या लिटर पाण्यात पंचवीस मिनिटं उकळा, गाळा, २५० ग्रॅम साखर घालून पुन्हा पाच मिनिटं उकळा. उकळत्या पाण्याने धुतलेल्या, कोरड्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला तर दोन-तीन आठवडे टिकतो. गरम दुधात किसलेलं कच्चं आलं घातलं की दूध कधीकधी नासतं, त्याचं कारण आल्यात दूध गोठवणारा एक पाचकरस असतो. उकळल्यावर त्याचा जोर जातो, म्हणून हा पाक दुधात बिनधास्त घाला. आल्याचा उरलेला चोथा फेकू नका, एकदा चहात चालतो.

संत्र्याच्या सालींचं सांगून टाकते. साली तीनदा, दर वेळी नव्या पाण्यात, दहा-दहा मिनिटं उकळायच्या म्हणजे कडूपणा जातो. मग साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्या पारदर्शक होईपर्यंत मंद शिजवायच्या आणि जाळीवर रात्रभर सुकवायच्या. फळावर चकाकी यायला मेण लावलेलं असतं, ते आधी गरम पाण्याने घासून काढा.

एक गोष्ट मी कोणाला करू देत नाही: तेलात लसूण घालून बाटली भरून ठेवणं. बाटली दिसते सुंदर, भेट द्यायला लोकांना आवडते. पण तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात ओलावा असतो आणि मातीतून आलेले बोटुलिझमचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचे, जंतूही असू शकतात. त्यांचं विष ना दिसतं ना वासाला येतं. लसणाचं तेल लागेल तेवढंच करा, उरलं तर फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा.

टाचांसाठी मलम. मधमाशीचं मेण २० ग्रॅम, कुठलंही खायचं, कमी वासाचं तेल १०० ग्रॅम. हे वजनाने मोजायचं, चमच्याने नाही. एका भांड्यात पाणी उकळत ठेवून त्यात दुसरं भांडं बसवा आणि मेण-तेल एकत्र वितळवा. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, थेट आचेची गरज नसते. वितळल्यावर चमचाभर थंड वाटीत टाका, दोन मिनिटांत गोठेल. बोटाने लावून बघा. फार घट्ट वाटलं तर थोडं तेल, फार पातळ वाटलं तर थोडं मेण घाला. नुसतं खोबरेल घ्याल तर थंडीत मलम दगडासारखं होईल, कारण ते २४-२५ अंशांखाली स्वतःच थिजतं. अर्धं खोबरेल आणि अर्धं दुसरं पातळ तेल घ्या. लिंबाचा रस, कोरफडीचा गर, गुलाबपाणी असलं काही घालू नका. यात पाण्याचा अंश नाही म्हणूनच ते टिकाऊ द्रव्याशिवाय महिनोन् महिने राहतं, पाणी शिरलं की बुरशी आली. अंघोळीनंतर पाय ओलसर असतानाच लावा आणि वर मोजे घाला. मलम स्वतः ओलावा देत नाही, आहे तो अडवून ठेवतं. भेगेतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर घरगुती प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवा.

मेण वितळवायला बसलाच आहात तर मेणबत्त्यांची थोटकंही त्याच बैठकीत उरका, फक्त भांडं वेगळं घ्या, कारण ते मेण अंगाला लावायचं नसतं. जुन्या वाती चिमट्याने काढा, जाड काचेच्या किंवा पत्र्याच्या डब्यात नवी सुती वात मधोमध उभी धरा आणि ओता. गोठताना वातीभोवती खळगा पडतो, त्यासाठी थोडं मेण राखून ठेवा. मेणाने पेट घेतला तर पाणी कधीच ओतायचं नाही, भडका उडतो. झाकण टाकून आच बंद करायची. उरलेलं मेण सिंकमध्येही ओतू नका, नळी तुंबली की केलेली सगळी बचत तिथेच गेली.

आता जीन्स. एका पायाची दाराखालच्या फटीतून येणारा वारा अडवायची वळकटी होईल आणि दुसऱ्याची शेकायची पिशवी.

वळकटीत शिवण फारसं नाहीच. दाराच्या रुंदीपेक्षा पाच सेंटिमीटर लांब तुकडा कापा, एक टोक शिवा, आत कपड्यांच्या चिंध्या ठासून भरा, जड व्हावी म्हणून दोन मुठी स्वच्छ कोरडी वाळू पिशवीत बांधून घाला, दुसरं टोक शिवा. वारा नक्की कुठून येतो ते आधी बघा. पेटलेली उदबत्ती खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवा, धूर जिथे आडवा होईल तिथे फट आहे. पडदे आधी बाजूला सारा. आणि ज्या खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर चालतो, तिथली हवा यायची जागा कधीही बुजवू नका. तिथे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.

शेकायच्या पिशवीसाठी १५ बाय ४० सेंटिमीटरची सुती नळी शिवा. जीन्सचं कापड ताणलं जाणारं नसावं, म्हणजे त्यात इलॅस्टिकचा धागा नसावा. शिवायला दोराही सुतीच हवा. आत कच्चे तांदूळ, दोन तृतीयांशच भरा. गच्च भरलीत तर ती मानेवर बसतच नाही, काठीसारखी उभी राहते. मध्ये दोन ठिकाणी आडव्या टिपा मारून तीन कप्पे केलेत की तांदूळ एका टोकाला जमत नाहीत. मायक्रोवेव्हमध्ये शेजारी कपभर पाणी ठेवून ३०-३० सेकंदांनी गरम करा, दर वेळी हलवून, हात लावून बघा. एकूण दीड-दोन मिनिटं पुरतात. मायक्रोवेव्ह नसेल तर तांदूळ कढईत कोरडेच हलवत गरम करा आणि पिशवीत ओता, मग एक टोक शिवण्याऐवजी नाडीने बांधायचं ठेवा.

माझ्या वर्गातल्या एकीने जीन्सची पितळी बटणं तशीच ठेवून पिशवी मायक्रोवेव्हमध्ये घातली. ठिणग्या उडाल्या, कापड जळलं, तेवढ्यावर निभावलं. धातू काढून टाका, रिव्हेटसुद्धा, म्हणजे खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकलेल्या धातूच्या टिकल्या. पिशवी पूर्ण थंड झाल्याशिवाय पुन्हा गरम करायची नाही. तांदूळ दर वेळी थोडे थोडे सुकत जातात आणि सुकलेले तांदूळ लवकर करपतात, म्हणून करपट वास आला की ते बदला. गरम पिशवी पांघरुणात कोंबून झोपू नका आणि तान्ह्या बाळाजवळ ठेवू नका.

आता तुमचा स्वेटर. तो बिघडलेला नाही, त्याचं फेल्ट, म्हणजे लोकर आटून झालेलं जाड, घट्ट कापड, झालंय, आणि हे फेल्ट लोक पैसे देऊन विकत आणतात! लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात, आणि अडकलेले पुन्हा सुटत नाहीत. म्हणून ‘ओढून ताणून पूर्वीसारखा करते’ हा नाद सोडा. उलट अजून थोडा आटवा. ६० अंशांच्या पाण्यात, जाड जीन्सबरोबर मशीनमध्ये आणखी एकदा धुवा. विणीचे टाके दिसेनासे झाले की झालं. कोपऱ्यात कात्री लावून बघा, कडेचा धागा उसवत नसेल तर आता हे कापड दुमडशिवण न करता वापरता येईल.

दुसऱ्या एखाद्या स्वेटरवर हा प्रयोग करायचा मोह झाला तर आधी तो खरंच लोकरीचा आहे का बघा. आतल्या शिवणीतून एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर पेटवा. लोकर केस जळल्यासारखा वास देते, आपोआप विझते आणि राख बोटांत चुरते. अॅक्रिलिक, म्हणजे लोकरीसारखा दिसणारा कृत्रिम धागा, वितळून त्याचा कडक मणी होतो, ते कधीच आटणार नाही. लेबलवर मशीनमध्ये धुता येणारी लोकर असं लिहिलं असेल तर तीही बहुधा आटत नाही, तिच्या खवल्यांवर प्रक्रिया केलेली असते.

तुमच्या स्वेटरचे हातमोजे करा. खालची पट्टी, जी विणताना लवचीक केलेली असते, ती मनगटाला येईल अशा बेताने हात ठेवायचा, म्हणजे मनगटाची कड आयती मिळते. स्वेटर उलटा करून पुढचा-मागचा भाग एकावर एक नीट बसवा. चार बोटं जुळवून आणि अंगठा थोडा बाहेर काढून हात ठेवा, सगळीकडून दीड सेंटिमीटर सोडून खडूने रेघ मारा. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात थोडं जास्त सोडा. दोन्ही थर टाचण्यांनी जोडून एकदम कापा. दुसरा मोजा स्वेटरच्या दुसऱ्या कडेला, हात उलटा ठेवून.

शिवायला तुमचा काजटाका पुरे. दुहेरी दोरा, पाच-सहा मिलिमीटरचे टाके, मनगटापासून सुरुवात करून बोटांवरून अंगठ्याकडे. बेचक्यात पोचलात की थांबा. सगळा ताण तिथेच येतो आणि मोजा पहिल्यांदा तिथेच फाटतो. त्या जागी तीन टाके एकाच ठिकाणी घ्या, मग अंगठ्याभोवती पुढे जा. संपल्यावर दोरा आतल्या बाजूला दोनदा अडकवून कापा, मोजा सुलटा करा आणि अंगठ्याचं टोक पेन्सिलीच्या मागच्या बाजूने बाहेर ढकला. कात्रीच्या टोकाने ढकलू नका. मी एकदा ढकललं होतं, आणि त्या भोकाला आता एक लाल बटण आहे.